दोन खांबांमधली मंदाकिनी

नाशिकला आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेल्या एका काकूंनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "तुम्ही काय करता?"

"अक्षरं काढते."

"रांगोळीत?"

"नाही हो, संगणकासाठी. फॉन्ट म्हणतात ना, ते."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगंबाई, ते कोणाला तरी काढावे लागतात होय? मला वाटलं मोबाईलमध्ये असतातच." तेवढ्यात आमचा मजला आला.

ज्या कामावर एवढी वर्षं पोट भरलं ते कोणाला दिसतच नाही, याचा मला पूर्वी फार राग यायचा. रागीट मी मुळातच आहे, घरचे सांगतील. पण या प्रश्नावर आता राग येत नाही. त्या काकूंना मी दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून दिंडोरी रस्त्यावर नेलं, एका दुकानासमोर उभं केलं आणि म्हटलं, "वर बघा."

वर काय होतं ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. संपादकांनी "कारकिर्दीचा आढावा घ्या" असं कळवलं होतं. आढावा काही माझ्याच्याने व्हायचा नाही. कुठल्या साली कुठल्या छापखान्यात होते यात मलाच रस नाही, तर दिवाळीत फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला काय असणार?

तर, माझं एक अक्षर आहे, तिरीप नावाचं. एक अक्षर म्हणजे अख्खा संच: बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, सगळं. सकाळी दाराच्या फटीतून घरात येणारी उन्हाची तिरीप असते, तिच्यावरून नाव ठेवलं. यातली उभी रेघ अंगठ्याएवढी जाड असेल, तर तिच्यातून निघणारं वळण सुतळीएवढं बारीक. सगळ्या उभ्या रेघा उजवीकडे कललेल्या, प्रत्येकीच्या तळाला एक छोटीशी टाच. शिरोरेषा मात्र आडवी, सरळ आणि अगदी नाजूक. हे अक्षर मोठ्या आकारातच वापरायचं असतं: मासिकाचं नाव, लेखाचं शीर्षक, पत्रिकेवर नवरानवरीची नावं, दुकानाची पाटी. लहान मजकुराला लावलं की बारीक रेघा दिसेनाशा होतात. पैठणी नेसून कोणी भाकरी थापायला बसत नाही, पण आमच्या गिऱ्हाइकांमध्ये तशी बसणारी माणसं पुष्कळ. एका केकवाल्याने अख्खं दरपत्रक तिरीपमध्ये छापलं आणि मला फोन करून विचारलं, "मॅडम, लोक चष्मा मागायला लागलेत, काय करू?" मी म्हटलं, चष्मे विका.

संगणकात एक कळ असते. ती दाबली की कुठलंही सरळ अक्षर कलतं. मग ताई, तुम्ही वेगळं काय केलंत, असं मला शंभरदा ऐकावं लागलंय. ती कळ अक्षराला कलवत नाही, ढकलते. गोलाई एका बाजूला लटकते, जाड रेघ कशीही बारीक होते, वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन आपटते. कललेलं अक्षर पहिल्यापासून कललेलंच काढावं लागतं. शिवाय सरळ दिसणारी रेघ आम्ही सरळ काढत नाही. लांब जाड रेघ पट्टीने काढली की मध्ये फुगल्यासारखी दिसते, म्हणून तिला कमरेशी किंचित आत घ्यायचं. गोल अक्षर इतरांच्या उंचीचं काढलं की बुटकं दिसतं, म्हणून ते जरा खाली उतरवायचं. डोळा फसणार हे माहीत असतं, म्हणून आधीच उलट्या बाजूने फसवून ठेवायचं. आमचा निम्मा धंदा हाच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझे वडील, आबा, मनमाडला रेल्वेत पेंटर होते. फलाटावरच्या पाट्या, मालगाडीच्या वाघिणींच्या अंगावरचे नंबर आणि अक्षरं, सगळं त्यांच्या हातचं. ताठ, जाड, दुरून दिसणारं अक्षर. तिरीपचा पहिला नमुना मी मोठ्या कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "पडतंय का हे?"

"कललंय, आबा."

"रेल्वेत कललेलं काही चालत नाही, पोरी. कललं की चौकशी बसते."

सुट्टीच्या दिवशी आबा गावातल्या दुकानांच्या पाट्याही रंगवायचे. त्यांची एक रीत होती. पाटीवरचा शेवटचा ठिपका ते स्वतः कधीच द्यायचे नाहीत. नावात अनुस्वार असला तर तो, नसला तर कोपऱ्यातल्या नक्षीतला एखादा. पाटी लागली की मालकाला शिडीवर चढवायचे, त्याचं बोट रंगात बुडवायचे आणि म्हणायचे, "द्या ठिपका. आता ही पाटी तुमची." मनमाडमध्ये आबांच्या हातच्या पाट्यांवर म्हणून मालकाच्या बोटाचा ठसा असायचा. पाटी पूर्ण कोणी केली, तर मालकाने. मला ही रीत फार आवडायची, पण संगणकावर काम करणाऱ्या माणसाला ती पाळता येत नाही. फाईल पाठवली की संपलं, तिला ठिपका कोण देणार?

तिरीपची गिऱ्हाइकं एकेक नग होती. नगरसेवकपदाला उभे राहिलेले एक गृहस्थ आपल्या पत्रकावरचं नाव बघून म्हणाले, "ताई, अक्षर लय भारी. पण माझं नाव पडायला आल्यावानी दिसतंय. निवडणुकीच्या तोंडावर बरं नाय ते."

"धावतंय असं समजा ना."

"मग उलट्या बाजूला कलवून बघा बरं."

मी कलवून दाखवलं. नाव मागे रेलून आरामखुर्चीत बसल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी ते सरळ अक्षरावर गेले आणि निवडूनही आले. अजून भेटले की छाती काढून सांगतात, "बघा, ताठ राहिलो."

दुसरे एक द्राक्षवाले. माल परदेशी जाणार, पेटीवरचं नाव तिरीपमध्येच पाहिजे म्हणून हटून बसले. पुठ्ठ्याच्या खरबरीत अंगावर बारीक रेघ धड उमटत नाही, हे मी त्यांना समोर बसवून सांगितलं. ऐकलं नाही. पेट्या छापून आल्या, तर त्यांच्यावर नुसत्या कललेल्या काठ्या. त्यांच्या बायकोने पेटी हातात घेतली आणि विचारलं, "आपल्या बागेतले मांडवाचे डांब छापले का हो?" त्यानंतर मी तिरीपची एक जाडसर आवृत्ती केली, बारीक रेघा जरा भरलेली. तीच जास्त खपते. मूळ तिरीप दहा जणांनी पाहिली की नऊ जण जाडसर घेऊन जातात. कोणाला खोटं वाटेल, पण ते मला लागतं. सगळ्यात बारीक रेघ हातात यायला मला उमेदीची वर्षं खर्च करावी लागली होती. त्या नादात पुस्तकाच्या मजकुरासाठी एक सरळ, साधं अक्षर करायचं राहून गेलं, आणि आता डोळे तेवढे साथ देत नाहीत. ही खंत आहे, लपवत नाही.

आणि मग एके दिवशी मंदाकिनीताई आल्या.

त्यांनी रविवार कारंजावरच्या एका दुकानात वर्षानुवर्षं साड्या दाखवायचं काम केलं होतं. घडी मोडायची, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा, पुन्हा घडी घालायची. दुकान दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं. आता दिंडोरी रस्त्यावर त्यांचं स्वतःचं साड्यांचं दुकान निघणार होतं. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेवर त्यांनी तिरीप पाहिली होती, आणि छापखान्याला विचारत विचारत माझं घर शोधून काढलं होतं. पत्रिकेवरच्या नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे जाड हाय ना, हे काठ. अन् हे बारीक हाय, ते पोत. मला असंच पाहिजे. तलम."

माझ्या अक्षराबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी बोललं नव्हतं. मी त्यांना चहा केला. मी सहसा गिऱ्हाइकाला चहा करत नाही.

दुकानाचा गाळा त्यांच्या थोरल्या दिरांच्या नावावर होता. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, आणि धाकट्या भावजयीला ते सूनबाई म्हणतात. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हे. गाळा त्यांनी आपणहून दिला होता. पण बाजारात बाईच्या नावाचं दुकान चालत नाही, व्यापारी दारात उभं करत नाहीत, असं त्यांचं पक्कं मत. त्यांनी स्वतःच्या नावाचं फ्लेक्स करूनसुद्धा ठेवलं होतं: भाऊसाहेब वस्त्रदालन, सोबत हात जोडलेला फोटो. मंदाकिनीताईंचे यजमान सातपूरला कारखान्यात, घरात शांतता राहावी म्हणून कोणाचीच बाजू न घेणारे. बऱ्याच वादावादीनंतर भाऊसाहेबांनी निकाल दिला होता: दुकान दसऱ्याला उघडायचं. मुहूर्ताच्या आत सुनेच्या नावाची पाटी लागली तर लागली. नाही तर फ्लेक्स चढेल. आणि त्यांच्या घरात असं मानतात की दसऱ्याला चढवलेलं नाव पुन्हा उतरवायचं नसतं.

"म्हंजे एकदा त्यांचं चढलं की चढलं," मंदाकिनीताई म्हणाल्या. "मग मी जन्मभर त्यांच्या फोटोखाली साड्या विकायच्या. तेच करायचं होतं तर रविवार कारंजावर काय वाईट होते?"

मी म्हटलं, "पाटी लागेल." तोंडातून शब्द निघून गेला आणि मग मी जागा बघायला गेले.

जागा बघून घाम फुटला. इमारतीच्या दर्शनी भागाला छिद्र पाडायची परवानगी नाही, फक्त दोन्ही टोकांच्या खांबांना. मध्ये मोठी थोरली काच, आणि काचेत वरच्या अंगाला पैठण्या टांगायच्या ठरलेल्या. मागे फळी लावून तिच्यावर अक्षरं चिकटवावीत, तर पैठण्या झाकल्या जाणार. म्हणजे मंदाकिनी या चार अक्षरांना मागून कसलाच आधार नाही. या खांबापासून त्या खांबापर्यंत शिरोरेषा न्यायची आणि तिला अक्षरं लोंबकळत ठेवायची. मराठी अक्षराला हे शोभून दिसतं, ते शिरोरेषेला लोंबकळतच असतं. फक्त कागदावर त्याला वजन नसतं.

धातूचं काम सातपूरच्या सोनवणेंकडे दिलं. सोनवणे मूळचे सटाण्याकडचे, छोटं वर्कशॉप, यंत्राने पत्रा कापून देतात. माझ्यासारखेच फटकळ, त्यामुळे आमचं जमतं. मी नाव नव्याने काढलं होतं. म ची पाठ, द ची शेपटी, कि ची वेलांटी क च्या डोक्यावरून अलगद नेलेली, आणि शेवटी नी ची वेलांटी जराशी मोकळी सोडलेली. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की सोनवण्यांनीही नावं ठेवली नाहीत. त्यांनी जाड पितळी पत्र्यातून अख्खं नाव एकसंध कापलं. दोघांनी शिरोरेषेची दोन टोकं धरून उचललं, आणि मंदाकिनी मध्यावर खाली आली. ओले कपडे टाकलेली वळणी खाली येते ना, तशी. म आणि नी एकमेकांकडे झुकले आणि द ची शेपटी तुटून फरशीवर पडली. अनुस्वार तर आधीच सुटा निघाला होता, कारण तो कशालाच चिकटलेला नसतो. सोनवण्यांनी तो उचलून शर्टाच्या खिशात टाकला.

"रेघ जाड करा," सोनवणे म्हणाले. "तुमची ती जाडसर हाय ना, तीच घ्या. अन् सरळ काढा. मग मी हाय अन् पाटी हाय."

"जाडसर नाही."

"मग फ्लेक्स चढतंय बघा."

मी चिडून बाहेर जाऊन उभी राहिले. पण दसरा जवळ येत होता, आणि माझ्या हट्टापायी त्या बाईचं नाव जावं हे मला पटेना. घरी जाऊन मी मुकाट्याने जाडसरमध्ये नाव केलं आणि मंदाकिनीताईंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "चांगलं हाय. पण ताई, ही मी नाय. ही माझी सासू हाय."

आम्ही दोघी हसलो, आणि जाडसरचा विषय संपला.

पहिली वाट सोनवण्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, तुमच्या जाड रेघा आपण भरीव कापल्या. काय गरज? जाड दिसल्या म्हंजे झालं. पातळ पितळी पत्र्याच्या पोकळ करतो, डब्यासारख्या. अन् बारीक वळणं भरीव पोलादाची करतो, वरून पितळी रंग." मला हे फार पटलं. जे जाड दिसतं ते आतून पोकळ, आणि जे नाजूक दिसतं ते भरीव. वजन निम्म्याहून कमी झालं. शिरोरेषा पोलादी पट्टीची, समोरून बारीक पण मागे खोल, म्हणजे वाऱ्याने पिळणार नाही. अक्षरं सुटी केली, जागेवर स्क्रूने जोडायची. पण वर्कशॉपात टांगून बघितलं, तर रेघ अजूनही मध्ये उतरतच होती. थोडीच. पण तलम अक्षराला थोडंही पुरतं. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं की नाव दमलंय.

दसऱ्यासाठी आबांना नाशिकला आणायचं म्हणून मी मनमाडला गेले. आबा पिशवी मांडीवर घेऊन फलाटावर बसले होते. गाडीला वेळ होता. समोरच्या रुळावर मालगाडी उभी होती, सपाट लांब वाघिणींची. काहींवर कंटेनरचे डबे लादलेले, काही रिकाम्या. मी उगाच बघत होते, डोक्यात पाटी. आणि एकदम दिसलं: भरलेल्या वाघिणींच्या कडा सरळ होत्या, आणि रिकाम्यांच्या पाठी मध्ये किंचित वर आलेल्या.

"आबा! रिकामी वाघीण वाकडी असते!"

"वर बाक दिलेला असतो तिला. माल चढला की बसती खाली, सरळ होती." आबा पिशवीतून शेंगदाणे काढत म्हणाले. "म्हणून मी कधी सूत ताणून अक्षरं काढली नाहीत तिच्यावर. तिच्या कडेला धरूनच काढायची. रिकामी असताना ओळ वाकडी दिसायची. साहेब ओरडायचे. भरली की गप्प बसायचे."

लहानपणी हे मी त्यांच्या तोंडून नक्की ऐकलं असणार. पण मला जे हलवून गेलं ते वेगळंच. डोळा फसणार म्हणून आधीच उलटं फसवून ठेवायचं, हे मी जन्मभर कागदावर करत आले होते. सरळ दिसायला हवं असेल तर सरळ काढायचं नाही. आणि या एका शिरोरेषेला मात्र मी पट्टी लावून सरळ काढलं होतं! वजन तिला खाली नेणार हे ठाऊक असताना. मी फलाटावरूनच सोनवण्यांना फोन लावला. "जेवढी खाली जाते, तेवढी आधीच वर उचला. बाक देऊन टाका तिला."

पलीकडे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सोनवणे म्हणाले, "भारी शे!" ते खूश झाले की अहिराणीत बोलतात, एरवी नाही.

दसऱ्याच्या सकाळी टेम्पो दुकानासमोर उभा राहिला. वणीला देवीला चालत निघालेल्या बायाबापड्यांची रस्त्यावर रीघ होती. भाऊसाहेब झेंडूच्या माळा घेऊन हजर होते, आणि भिंतीला टेकवून, गुंडाळून, त्यांचं फ्लेक्स. सोनवण्यांच्या माणसांनी शिरोरेषा खांबांना ठोकली. बाक दिलेली ती रेघ मध्ये चांगलीच वर आलेली. भाऊसाहेबांनी मान तिरकी करून बघितलं.

"ही वाकडी हाय."

"हो," मी म्हटलं.

"वाकडी पाटी लावून मुहूर्त करायचा? सूनबाई, मुहूर्ताला फार वेळ नाय. माझ्या माणसांना चढवू का?"

मंदाकिनीताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. त्या घाबरल्या होत्या. मीही घाबरले होते, फक्त माझा चेहरा घाबरला तरी रागावल्यासारखा दिसतो, म्हणून निभावलं. "अक्षरं चढू द्या," मी म्हटलं.

म चढला. रेघ हलली नाही. भाऊसाहेबांनी फ्लेक्सची दोरी सोडायला घेतली. दा चढला आणि रेघ जराशी खाली आली. कि चढली, तिची वेलांटी रेघेच्या वर अलगद उभी राहिली, आणि मधला फुगवटा जवळजवळ गेला. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. रेघ डोळ्यांदेखत सरळ होत होती, आणि ते बघायला विनातिकीट गर्दी. मग सोनवण्यांनी स्वतः शिडीवर चढून नी लावली, पाना फिरवला आणि हात काढून घेतला. शिरोरेषा या खांबापासून त्या खांबापर्यंत सरळ. इतकी सरळ की काढल्यासारखी वाटेना, होतीच असं वाटलं. जाड रेघा उन्हात पिवळ्याधमक, वळणं तलम, मागे काचेत पैठण्या, आणि सगळं नाव उजवीकडे थोडं कलून पुढे निघालेलं.

मला रडू आलं. येऊ दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं सगळ्यात बारीक अक्षर, एका केसाचीही भर न घालता, भर रस्त्यात उभं होतं, आणि माणसं माना वर करून ते वाचत होती.

आबा समोरच्या टपरीपुढे खुर्चीवर बसून बघत होते. मी जवळ गेले. म्हटलं, "पडतंय का?"

"नाही," ते म्हणाले. "पण ठिपका कुठंय?"

मी तो मुद्दामच लावू दिला नव्हता. सोनवण्यांच्या खिशातून तो माझ्याकडे आला होता, खाली बारीक दांडी बसवून. माझ्या हयातीत पहिल्यांदा मला आबांची रीत पाळता येणार होती. तो पितळी ठिपका मी मंदाकिनीताईंच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "चढा. हा मालकाने लावायचा असतो."

"मी? शिडीवर? नव्या लुगड्यात?"

"तुम्हीच."

त्यांनी पदर खोचला. शिडीचा एक पाय फुटपाथच्या खड्ड्यात हलत होता. कोणीतरी धरायला हवी होती. सोनवणे पुढे आलेच होते, पण त्यांच्याआधी भाऊसाहेबांनी हातातली दोरी टाकली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. "सावकाश चढा, सूनबाई," ते म्हणाले. एवढंच. त्यांचं फ्लेक्स भिंतीला टेकलेलं होतं ते तिथेच राहिलं. पुढे ते त्यांच्या गावच्या कांद्याच्या चाळीवर गेलं, आणि सांगायला हरकत नाही, पावसात एक कांदा भिजला नाही.

मंदाकिनीताई वर पोचल्या. ठिपक्याची दांडी शिरोरेषेतल्या भोकात बसवून त्यांनी तो घट्ट पिळला. सोनवणे आजही सगळ्यांना सांगतात की रेघेचा शेवटचा बाक त्या ठिपक्याने गेला. हे साफ खोटं आहे, पण मी खोडून काढत नाही.

ठिपका लागला तरी त्या खाली उतरेनात. शिडीच्या टोकावर उभ्या राहून आपल्या नावावरून हात फिरवत होत्या. वणीला निघालेली एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं, गर्दीत थांबून अक्षर अक्षर लावत वाचत होती. मंदाकिनी, असं पुरतं वाचून झाल्यावर तिने भाऊसाहेबांनाच विचारलं, "ही मंदाकिनी कोन हे, भाऊ?"

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं, पण उत्तर वरून आलं.

"मी," मंदाकिनीताई म्हणाल्या.